घूसरेडा कोणाचा माणूस

आमच्या घरी येऊन गेलेल्या प्रत्येक नव्या माणसाबद्दल बाबा एकच प्रश्न विचारायचे. माणूस ओटीवर बसलेला असेपर्यंत काही नाही. तो पाणी पिऊन, रामराम करून पायवाटेने खाली उतरला, कुंपणाच्या पलीकडे गेला, की बाबा विडी पेटवायचे आणि म्हणायचे, "हा कोणाचा माणूस?" मग तो बियाणे विकणारा असो, डोळे तपासायला आलेला असो की धाकटीच्या शाळेतले नवे गणिताचे सर असोत. कोणी आपणहून येत नाही, त्याला कोणीतरी पाठवलेले असते आणि पाठवणाऱ्याचा त्यात फायदा असतो, हे आम्ही दोघी बहिणी बाराखडीच्या आधी शिकलो.

बाराखडी बाबांच्या पत्रकांवरून शिकलो. आमचा पाडा तलासरी तालुक्यात, उधव्याच्या रस्त्याला. जुने घर कुडाचे होते, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यावर शेणमातीचा गिलावा. थंडीत गिलाव्याला भेगा पडायच्या आणि वारा आत यायचा. बाबांकडे मोर्च्यांची वाटून उरलेली पत्रके असायची, गुलाबी, पिवळी, हिरवी. आई तांदळाची खळ करून ती भिंतीला आतून लावायची. खालून सुरू करून वर चढत जायची, त्यामुळे वरच्या कागदाची कड खालच्या कागदाच्या डोक्यावर यायची. अन्याय काय झाला, कोणी केला, कोणावर केला, हे सगळे खळीखाली झाकले जायचे. दिसायच्या फक्त शेवटच्या ओळी. 'झालाच पाहिजे.' 'मिळालेच पाहिजे.' 'अन्यथा तीव्र आंदोलन.' मला ते अपुरे वाटायचे. मी कागदाची कड उचकटून वरचे वाचायला जायचे आणि आईचा मार खायचे. धाकटी अंथरुणात पडल्या पडल्या शेवटच्याच ओळी गाण्यासारख्या म्हणत झोपून जायची.

२०१४ साली धाकटी सहावीत होती, डहाणू तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत. तिथे मुली कुडाच्या शेडमध्ये झोपायच्या. बाबांना ते सहन व्हायचे नाही. "साहेबांच्या पोरी स्लॅबखाली आणि आमच्या पोरी जन्मभर कुडात, का?" मी तेव्हा बारावीत होते. मुलींच्या वसतिगृहाला पक्की इमारत मिळावी म्हणून मोर्चा निघाला, त्याचे पत्रक मी लिहिले. माझे पहिले पत्रक. शेवटची ओळ मी खूप वेळ घोळवली होती: 'आमच्या मुलींना पक्की इमारत मिळालीच पाहिजे.' दोन वर्षांनी इमारत उभी राहिली. उद्घाटनाला नारळ दुसऱ्यांनीच फोडला. बाबा मागे उभे होते. सगळे जेवायला गेल्यावर ते आत गेले आणि खांबाला हात लावून आले. जन्मात मागितलेल्या गोष्टींपैकी डोळ्यांना दिसेल, हाताला लागेल अशी ती एकच होती.

२०१८ च्या थंडीत जमीन हलायला लागली.

आधी आवाज यायचा, खालून भरलेला ट्रक जातो आहे असा. मग भांडी वाजायची. मग काहीच नाही. एकदा झाले, परत झाले, मग होतच राहिले. सरकारी माणसे आली, यंत्रे ठेवून गेली. लोक ताडपत्रीखाली झोपू लागले. कोणी म्हणे धरणामुळे, कोणी म्हणे खाणीतल्या सुरुंगांमुळे, कोणी म्हणे रेल्वेची मोजणी करणाऱ्यांनी जमिनीत काहीतरी पुरले आहे. मी या सगळ्यांवर संशय घेतला. तेव्हा मी डहाणू रोडला स्टेशनजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करायचे. दिवसभर लोक यायचे आणि प्रत्येक जण नवे कारण सांगून जायचा. मी मनातल्या मनात विचारायचे, फायदा कोणाचा?

घूसरेडा मला पहिल्यांदा त्या दुकानातच भेटला. रानशेतकडची एक बाई शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला आली होती. बरोबर सातवी-आठवीतली मुलगी. मी विचारले, मधूनच दाखला का काढला?

"शाळेखाली तो आलाय ना," बाई म्हणाली. "घूसरेडा."

"काय?"

"धड रेड्याचं. तोंड घुशीचं, डोळे नाय. पाठीवर खवले, खवल्या मांजराला असतात तसे. खूर नाय, नख्या."

दुकानाचा मालक काउंटरवरून हसला. "आधार कार्ड आहे का त्याचं? असेल तर झेरॉक्स काढून ठेवतो."

बाई हसली नाही. मुलगी मात्र खाली मान घालून हसली. ते मला तेव्हा दिसले, पण मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

पुढच्या काही दिवसांत मी तो सगळीकडून ऐकला. तलासरीच्या बाजारात ऐकला, कोसबाडच्या बसमध्ये ऐकला, माझ्या आत्याकडून ऐकला. तो कसा जगतो, हे लोकांना आपल्या बैलापेक्षा जास्त ठाऊक झाले होते. तो कंद खातो. विहिरीच्या तळाला तोंड लावून पाणी पितो, म्हणून हादऱ्याआधी विहीर गुडगुडते. पावसाळ्यात चिखल मऊ असतो, तेव्हा म्हशीसारखा लोळून पडतो. थंडीत जमीन आवळते, अंग दाबले जाते, खवल्यांत खडे अडकतात आणि पाठीला खाज सुटते. मग तो पाठ घासायला काहीतरी घट्ट शोधतो. म्हैस कशी खांब बघून घासते, पडक्या कुंपणाला पाठ लावत नाही, तसाच तो. सिमेंटचा पाया सापडला की त्याला बरे वाटते. घासतो, वर स्लॅब हलतो. कुडाच्या घराला पायाच नाही, काठ्या डोलतात, तिथे त्याला घासता येत नाही. शिवाय भिंतीला शेणाचा वास. हा दुसऱ्या कोणाचा तरी गोठा आहे असे समजून तो पुढे जातो. आणि कौले नकोत. कौले खडखडली की त्याला वाटते दुसऱ्या घूसरेड्याचे खवले वाजले, मग तो अंगावर येतो. वर पेंढा हवा.

सांगणारे गंमत म्हणून सांगत नव्हते. ऐकणारेही उद्या बाजार भरणार की नाही हे ऐकावे तसे ऐकत होते.

मला राग आला. आमच्या लोकांनी पक्क्या घरासाठी इतकी वर्षे पाय झिजवले आणि आता कोणीतरी येऊन सांगते की पक्के घर वाईट, कुडात जा. याहून सोयीची गोष्ट वरच्या लोकांना कोणती? घरकुले द्यायला नकोत, वसतिगृहे बांधायला नकोत. मी बाबांना सांगितले. बाबांनी विडी पेटवली.

"हा घूसरेडा कोणाचा माणूस?"

"तेच शोधते," मी म्हणाले.

शोधायची घाईही झाली, कारण धाकटी घरी आली. पत्र्याची पेटी, दप्तर, बादली, सगळे घेऊन. तिच्या वसतिगृहातून रोज मुली जात होत्या. आई-बाप येत, अधीक्षिका मॅडमशी दोन शब्द बोलत आणि मुलीला घेऊन निघत. शेवटी वरच्या वर्गातल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या, तेव्हा मॅडमनी त्यांनाही घरी पाठवले. धाकटी दहावीला होती. परीक्षा मार्चमध्ये. आमच्या पाड्यावरून दहावीपर्यंत पोचलेल्या मुलींत मी आणि ती, दोघीच.

घरी आलेली मुलगी फार दिवस नुसती बसत नाही. उधवा नाक्यावरून रोज सकाळी गुजरातेतल्या कंपन्यांसाठी टेम्पो जातो. शाळेतून आलेल्या मुली एकेक करून त्यात चढायला लागल्या होत्या. टेम्पोच्या मुकादमाने आईला एकदा वाटेत गाठून विचारले होते, "मोठी तर दुकानात लागली, धाकटीचं काय?" आईने हे बाबांसमोर सांगितले. धाकटी ताडपत्रीत बसून भूगोल वाचत होती. एकदा मध्येच म्हणाली, "इथं कोणाला विचारायचं काही अडलं तर?" आणि परत वाचायला लागली.

तेव्हा मला सगळे स्पष्ट झाले. फायदा कोणाचा? मुकादमाचा. शाळा रिकामी, टेम्पो भरलेला.

मी सुट्टी टाकली आणि सकाळी नाक्यावर गेले. मुकादम टेम्पोला टेकून तंबाखू मळत होता.

"काय बाय, एकटीच? बाकीचा मोर्चा मागून येतोय?"

"घूसरेडा तुम्ही सोडलात."

"काय सोडलं?"

"पोरी शाळेतून निघाल्या की तुमच्याकडे येतात. अफवा तुमचीच."

त्याने टेम्पोत बसलेल्या बायांकडे बघून हाळी दिली, "अगं ऐका, हिचं ऐका! म्हणते घूसरेडा मी पाळलाय!" बाया खिदळल्या. एक म्हणाली, "पाळला असता तर चारा पण आमच्याच पगारातून कापला असता." आणखी हशा.

मुकादम माझ्याजवळ आला आणि आवाज खाली केला. "अगं, तो मेला माझ्याच मुळावर उठलाय. कंपनीनं माणसांना रूम दिल्यात, आरसीसी, पंखा, बाथरूम. आठवडाभर तिथंच राहायचं, असं ठरलेलं. आता एक बाई झोपायला तयार नाय. रोज संध्याकाळी परत आण, सकाळी परत ने. शेठ विचारतो, डिझल तारो बाप आपशे? माझा बाप कुठनं देणार डिझल? मला म्हणतात कुडाची भिंत करून दे, शेणानं सारवून दे, वर पेंढा टाकून दे. गुजरातेत मी कारवी कुठनं आणू? मुकादम हाय मी, मांडव घालणारा नाय."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. लबाड माणूस नुकसान झाल्याचे नाटकही करतो. मी बाजूच्या वडाखालच्या दुकानात चहा घेत बसून राहिले आणि टेम्पो निघताना पाहिला. निम्मा रिकामा होता. नाटकासाठी कोणी निम्मा टेम्पो रिकामा नेत नाही.

मग फायदा कोणाचा? मी ताडपत्री विकणाऱ्यावर संशय घेतला, पण त्याचा माल हादरे सुरू झाले त्याच आठवड्यात संपला होता, घूसरेड्याच्या आधीच. खडी मशीनवाल्यावर घेतला. सुरुंगांबद्दल लोकांनी तक्रार करू नये म्हणून त्याने हे जनावर उठवले असेल. पण लोक म्हणत होते की सुरुंगाच्या आवाजाने घूसरेडा बिथरतो, आणि सुरुंग बंद करायला सांगायला बायाच त्याच्या दारात जाऊन आल्या होत्या. ज्याच्यावर संशय घ्यावा, तो घूसरेड्याच्या नावाने बोटे मोडत होता.

अशातच दुकानात डहाणूच्या किनाऱ्याकडचे एक वाडीवाले काका आले. मोठी चिकूची वाडी, गावात मान. त्यांना पाटी टाइप करून हवी होती. चिकू उतरवणारी माणसे त्यांची वाडी सोडून गेली होती.

"खोली पक्की बांधून दिलीये, लाईट आहे, तरी पळाले. रेडा म्हणे, घूस म्हणे. काय एकेक डोकी!" ते खुर्चीत बसले. "तू लिही. वाडीवर माणसे पाहिजेत. राहायला..." ते थांबले, लाज वाटावी तसे इकडे तिकडे पाहिले. "राहायला कुडाची खोली. शेणाने सारवलेली. वर पेंढा."

मी टाइप केले. कुडाची, शेणाने, पेंढा. आणि हात कीबोर्डवर तसाच राहिला.

मुकादमाच्या बायांनी हेच मागितले होते. बाजारात आणि बसमध्ये हेच ऐकले होते. घूसरेडा जागोजागी बदलत होता. बाजारात त्याला एक शिंग होते, आत्याकडे दोन. कोणी म्हणे डोके डहाणूकडे आणि शेपूट उधव्याकडे, कोणी म्हणे उलटे. कोणी त्याला मादी म्हणे. अफवा अशीच असते, ज्याच्या तोंडातून जाते त्याची लाळ घेऊन पुढे जाते. पण कूड, शेण आणि पेंढा हे तीन शब्द कुठेच बदलत नव्हते, त्यांचा क्रमसुद्धा नाही. न बदलता गावोगाव फिरणारे काय असते, ते मला लहानपणापासून ठाऊक होते. ती मागणी असते. आणि या मागणीला मथळा नव्हता. कोणी मागितले, का मागितले, ते कुठेतरी खळीखाली होते.

मग मला दुकानातली ती मुलगी आठवली, खाली मान घालून हसलेली. तिच्या दाखल्यावर धाकटीच्याच शाळेचे नाव होते. आत्याला घूसरेडा सांगणारी तिच्या नणंदेची मुलगीही त्याच शाळेतली. वेगवेगळ्या पाड्यांवर मुली परतल्या होत्या आणि प्रत्येक पाड्यावर तो त्यांच्या मागोमाग पोचला होता.

मी त्या दिवशी घरी गेले तेव्हा ऊन कलत होते. धाकटी ताडपत्रीत विज्ञानाचे पुस्तक घेऊन बसली होती. मी तिच्याजवळ तांदूळ निवडायला घेतले. तेव्हाच लक्षात आले की या सगळ्या दिवसांत तिच्या तोंडून मी घूसरेडा हा शब्द ऐकलाच नव्हता. सगळा तालुका बोलत होता आणि ही गप्प.

"त्या घूसरेड्याचं ऐकलं का गं?" मी सहज विचारल्यासारखे केले. "कुडाच्या घरात येत नाही म्हणे. वर कौलं असली तरी चालतात."

"पेंढा," ती म्हणाली. पुस्तकातून डोकेही वर न काढता.

मी निवडायचे थांबले. तिने पान उलटले, मग परत मागचे पान उलटले.

"लोक सांगतात," ती म्हणाली.

"कोणते लोक?"

"सगळेच."

मी सूप बाजूला ठेवले. "बाबांना का नाही सांगितलंस?"

"काय?"

"काय ते तुला माहीत."

तिने पुस्तकाचा कोपरा दुमडला. "हादरे सुरू झाले तेव्हाच सांगितलं होतं. मोठ्या खोलीतल्या बीमला भेग आहे, आतला गज दिसतो. हादरा बसला की वरून पापुद्रे पडतात. बाबा म्हणाले, अर्ज करू. मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, अर्ज लिहा. आम्ही लिहिला. सगळ्या मुलींच्या सह्या घेतल्या. तो मॅडमच्या कपाटात आहे. वरून आदेश आहे ना, मुलींनी इमारतीतच झोपायचं."

"मग?"

"मग काय! बारक्या पोरी घाबरून कॉटखाली शिरायच्या. बाहेर पळा म्हटलं तर पळायच्या नाहीत. आता हादरा बसला की सगळ्या अंगणात. मॅडमसुद्धा."

तिला हसू आले आणि लगेच गेले. "इतक्या जणी घरी जातील असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "आम्हाला फक्त मांडव पाहिजे होता. जुन्या शेडसारखा. तिथं राहून अभ्यास तरी झाला असता."

याच्या पलीकडे तिने आजवर काही कबूल केलेले नाही.

मी रागावायला हवे होते. अंधश्रद्धेविरुद्ध मी स्वतः लिहिलेले आहे. पण मला त्या जनावराची बांधणी दिसत होती. रेड्याची खाज घेतली, कारण प्रत्येकाने रेड्याला खांबाशी अंग घासताना पाहिले आहे. घुशीचे तोंड घेतले, कारण पाया पोखरते ती घूस. खवल्या मांजराचे खवले घेतले, ते थेट कौलांपर्यंत नेले आणि कौले बाद केली. एकही अवयव उगाच नव्हता. माझ्या एकाही पत्रकाबद्दल मला हे म्हणता येत नाही.

पण जनावर हातातून सुटले होते. ते मुलींना शाळेत परत आणू शकत नव्हते. आणि बाबा येत्या रविवारच्या पालकसभेत त्याच्याविरुद्ध बोलणार होते. 'घूसरेड्याच्या अफवेमागे कोण?' असे पत्रक त्यांनी मला टाइप करायला सांगितले होते. मी प्रिंटर बिघडला असे सांगून वेळ काढत होते.

सभा शाळेच्या अंगणात भरली. पालक आंब्याखाली बसले, मुली एका बाजूला. मॅडम खुर्चीवर. त्या थकलेल्या दिसत होत्या. "तंबू येणार आहेत," त्या म्हणाल्या. "तोवर मुलींनी आतच झोपायचं असा लेखी आदेश आहे. माझ्या हातात काही नाही. तुम्ही मुली पाठवा, दहावीच्या तरी पाठवा."

मग बाबा उठले. घोषणा देऊन देऊन त्यांचा आवाज कायमचा बसलेला आहे, पण लोक कान देतात.

"बाबांनो, आयांनो, जमीन हलते त्याचं कारण शास्त्राचं हाय. जनावर बिनावर काय नाय. मी इतकंच विचारतो, हा घूसरेडा कोणाचा माणूस?"

लोक हसले. मागून एक म्हातारी उठली. नातीला घरी घेऊन गेलेली.

"तो कोणाचा का असंना! तू बाहेर उभा राहून भाषण करतोस. तुझ्या पोरीला या छपराखाली झोपवशील का, ते सांग."

बाबांनी तिच्याकडे पाहिले. मग इमारतीकडे. मग ते एकटेच आत गेले. मॅडम उठल्या, परत बसल्या. अंगणात कोंबड्यांचा तेवढा आवाज. मी धाकटीकडे पाहिले. ती गुडघ्यांत हनुवटी रोवून बसली होती.

बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात सिमेंटचा एक पापुद्रा होता, आतून गंजाने लाल झालेला. तो त्यांनी मॅडमच्या टेबलावर ठेवला. उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी हात लावलेला खांब त्याच खोलीतला. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून नुसते हात पुसले.

"मागणी काय?" त्यांनी लोकांना विचारले. सभेत हा प्रश्न ते कायम विचारतात, पण आधी उत्तर त्यांना ठाऊक असते. त्या दिवशी नव्हते.

लोकांना घूसरेडा ठाऊक होता, पण त्याची मागणी करायची असते हे कोणाला सुचले नव्हते. धाकटी वर बघत नव्हती. ती बोलली असती तर पोर बोलली म्हणून मॅडमनी खाली बसवले असते, आणि पुढे कधीतरी हिशेब काढला असता. मी उठले.

"कुडाचा मांडव," मी म्हणाले. "अंगणातच. शेणाने सारवलेला. वर पेंढा. कारवी आपण आणू, बांधू आपण. सरकारकडे काही मागत नाही, फक्त मॅडमनी नको म्हणू नये. मांडव झाला की मुली परत येतील."

"येतील," म्हातारी म्हणाली. "माझी येईल." मग दुसरी, मग तिसरा.

मॅडमनी आदेशाचा कागद उलटसुलट करून पाहिला. "यात इमारत असं लिहिलंय," त्या सावकाश म्हणाल्या. "मांडवात झोपू नये असं कुठे लिहिलेलं नाही." आणि त्यांनी कागद पर्समध्ये घातला. मला वाटते त्यांनाही त्या बीमखाली झोप येत नसावी.

बाबा माझ्याकडे टक लावून बघत होते. कूड, शेण, पेंढा. तेही पत्रकांचेच माणूस. शब्द कसे रचलेत हे त्यांना कळते. सभा उठल्यावर ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाय, हा तुझाच माणूस ना?"

मी काही बोलले नाही. समोर धाकटी मैत्रिणींबरोबर उभी होती. तिच्या परीक्षेला थोडेच दिवस होते आणि बाप-लेकीत तो विषय तेव्हा नको होता. बाबांनी माझ्या गप्प राहण्याचा जो अर्थ काढायचा तो काढला.

मांडव आठवड्याच्या आत उभा राहिला. पुरुषांनी कारवी आणली, बायांनी सारवले, पेंढा ज्याने त्याने आपल्या खळ्यातून आणला. बाबांनी काठ्या बांधल्या, एकही शब्द न बोलता, चांगल्या घट्ट. मुली पेट्या घेऊन परत यायला लागल्या. सगळ्या नाही आल्या. टेम्पोत चढलेल्यांपैकी काही तिथेच राहिल्या आणि त्यातली एक धाकटीच्या बाकावर बसणारी होती. त्याबद्दल धाकटी कधी बोलत नाही.

सारवण वाळताना भेगा पडल्या. धाकटीने बाबांकडे उरलेली पत्रके मागितली. बाबांनी घरातला जुना गठ्ठा आणून दिला आणि ती आईसारखीच खालून वर चिकटवत गेली. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तिला भेटायला गेले तेव्हा तिच्या उशाशी एक पिवळा कागद लावलेला दिसला. माझे बारावीतले पत्रक. त्यावर दुसरा कागद चढवल्यामुळे पक्की इमारत त्याखाली गेली होती. कडेला 'मिळालीच पाहिजे' एवढेच दिसत होते.

"हे कुठलं गं?" मी विचारले.

"माहीत नाही," ती म्हणाली. "वारा अडतो."

पहिल्या पेपरला बाबा आणि मी केंद्राबाहेर झाडाखाली बसलो होतो. मध्येच खालून तो ट्रकचा आवाज आला आणि फाटक किणकिणले. मुली रांगेने बाहेर आल्या, मैदानात उभ्या राहिल्या, थोड्या वेळाने तशाच रांगेने आत गेल्या. धाकटीने आमच्याकडे पाहिलेही नाही. तिच्या हातात पट्टी होती, ती तशीच हातात धरून परत गेली.

बाबांनी विडी पेटवली आणि माझ्याकडे तिरके पाहिले.

"पाठ घासतोय तुझा माणूस," ते म्हणाले.